पिकअप बदलण्याआधी मागचं झाकण उघडा

इलेक्ट्रिक गिटारच्या आतल्या वायरिंगबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच तक्रारीची अनेक पत्रं होती, तिथे ती एकत्र केली आहेत. पिकअप म्हणजे तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग : एका कॉइलचा (तारेच्या वेटोळ्याचा) तो सिंगल कॉइल, दोन कॉइलींचा तो हंबकर. पॉट म्हणजे नॉबखालचा बदलता रेझिस्टर, आणि ५०० के म्हणजे ५०० किलोओहम. उत्तरांत मल्टिमीटर वारंवार येईल. साधा डिजिटल पुरतो, पण तो लागतोच. नसेल तर आधी मीटर घ्या, सुटे भाग नंतर.

प्रश्न : माझी दोन हंबकरची गिटार सहा वर्षं जुनी आहे. आवाज दबलेला, कांबळ्याखालून आल्यासारखा येतो. पिकअपचा नवा संच घ्यायचा विचार आहे. कोणता घेऊ? (कोथरूड)

अजून कोणताच घेऊ नका. आवाज दबण्याच्या तक्रारीत पिकअप क्वचितच दोषी निघतो आणि सगळ्यांत महाग भाग नेमका तोच असतो. शोध स्वस्त टोकाकडून सुरू करा.

पहिली तपासणी फुकटातली, पिकअपच्या उंचीची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा आणि तारेची खालची कड ते पिकअपचा पोल (तारेखालचा लोखंडी ठिपका) हे अंतर स्टीलच्या पट्टीने मोजा. हंबकरसाठी ब्रिजकडे (बॉडीवर तारा टेकतात तिकडे) साधारण १.६ मिलिमीटर आणि नेककडे (गिटारच्या मानेकडे) २.४ मिलिमीटर ही सुरुवातीची मापं धरा. नेकचा पिकअप ४-५ मिलिमीटर खाली बसला असेल, तर दोन स्क्रू फिरवून काम झालं.

मग गिटारला केबल लावा आणि केबलचं दुसरं टोक मीटरला जोडा : टोकाला एक प्रोब, दांड्याला दुसरा. मीटर २० किलोओहमवर, व्हॉल्यूम पूर्ण १० वर. सिलेक्टरने एकेक पिकअप निवडा. साध्या हंबकरचं वाचन ७ ते ९ किलोओहम येतं, तीव्र आउटपुटवाल्याचं १२ ते १६, सिंगल कॉइलचं साधारण ५.५ ते ७. या पट्ट्यात आकडा आला तर कॉइल धडधाकट आहे. मीटरने ‘१’ किंवा ‘ओएल’ दाखवलं तर कुठेतरी वायर तुटली आहे. शून्याच्या आसपास दाखवलं तर शॉर्ट आहे.

कॉइल ठीक निघाली की मागचं झाकण उघडा आणि पॉटच्या पाठीवर किंवा कडेला छापलेला आकडा वाचा. तुमच्या लक्षणांवरून तिथे २५० के असण्याचा संशय येतो. हंबकरला ५०० के लागतो. व्हॉल्यूम आणि टोन दोन्ही ५०० के असले, तर पिकअपला दिसणारा भार २५० के होतो. दोन्ही २५० के असले तर तो १२५ के वर येतो आणि वरची धार तिथेच गळते. पॉट जागेवर ठेवून मीटरने त्याची किंमत मोजायला जाऊ नका. पिकअप समांतर जोडलेला असतो, त्यामुळे ८ के दिसेल आणि पॉट मेला असं वाटेल. एक वायर सोडवूनच मोजा.

पॉटही बरोबर असतील तर टोन पॉटकडे जाणारी वायर तात्पुरती सोडवून वाजवून पाहा. आवाज एकदम मोकळा झाला, तर गोम टोनच्या जोडणीत किंवा कपॅसिटरमध्ये आहे. एवढं सगळं करूनही आवाज नावडताच राहिला, तर पिकअपवर पैसे खर्च करायला हरकत नाही.

प्रश्न : स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीच्या गिटारला भयंकर हम (सततची गुणगुण) आहे. तांब्याची पट्टी लावल्यावर हम जातो असं ऐकलं. ती कशी लावायची? (कर्वेनगर) याच विषयावर वारजे, आकुर्डी आणि हडपसरहून पत्रं आली आहेत.

तांबं सगळ्या हमवर चालत नाही. आधी हम कोणत्या जातीचा आहे ते ओळखा, पाच मिनिटांचं काम आहे.

गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. हम तरीही तेवढाच राहिला, तर दोष व्हॉल्यूम पॉटच्या पुढे आहे : जॅक, केबल किंवा अँप. हम गेला तर तो पिकअपच्या बाजूचा. आता व्हॉल्यूम वाढवून तारांना हात लावा. हम कमी झाला तर अर्थ (अर्थिंगची वायर) जोडलेला आहे. तुमचं शरीर खोलीतला गोंगाट पकडून गिटारला देत होतं, ते आता अर्थ झालं. इथे शील्डिंगचा, म्हणजे तांब्याच्या पट्टीच्या अस्तराचा, उपयोग होतो. तारांना हात लावून काहीच फरक नाही, पण जॅकच्या धातूला बोट लावल्यावर हम कमी होतो, असं असेल तर ब्रिजची अर्थ वायर सुटली आहे. आणि तारांना हात लावल्यावर हम उलट वाढला, तर जॅकवरच्या दोन वायरी उलट जोडल्यात किंवा अँपला अर्थिंग नाही.

शेवटी गिटार हातात धरून जागेवर गोल फिरा. एका दिशेला हम वाढतो आणि काटकोनात वळलं की पडतो, तर तो ट्रान्सफॉर्मरच्या ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राचा आहे. त्याला तांब्याची पट्टी अडवत नाही, कितीही थर द्या. अँपपासून दीड-दोन मीटर लांब बसा किंवा सिलेक्टर दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ठेवा. मधला पिकअप उलट गुंडाळणीचा आणि उलट चुंबकाचा असेल, तर त्या दोन जागांवर हा हम आपोआप कापला जातो.

ब्रिजची वायर तपासायला एक प्रोब तारेवर, दुसरा जॅकच्या बाहेरच्या कड्यावर. एक-दोन ओहमच्या आत यायला हवं. स्ट्रॅटमध्ये ही वायर मागच्या स्प्रिंगच्या खळग्यात, स्प्रिंगा अडकवलेल्या धातूच्या पट्टीवर सोल्डर केलेली असते. पट्टी जाड असल्याने उष्णता खाऊन टाकते. २५ वॅटच्या आयर्नने तिथे नुसती टिकली बसते आणि चार महिन्यांनी निघते. ६० वॅटचं आयर्न घ्या.

आता शील्डिंग. तारा उतरवा, पिकगार्ड (बॉडीवरची, पिकअप बसवलेली पातळ फळी) उलटा करण्याआधी वायरिंगचे दोन-तीन फोटो काढून ठेवा. खळग्याच्या तळाला आणि भिंतींना पट्टी चिकटवताना प्रत्येक तुकडा शेजारच्यावर अर्धा सेंटिमीटर चढू द्या. काही पट्ट्यांचा गोंद वीज वाहून नेत नाही, म्हणून प्रत्येक सांध्यावर एकदोन ठिकाणी सोल्डरचा ठिपका द्या. मग मीटरने एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत मोजा, एक ओहमच्या आसपास हवं. पट्टीची एक जीभ खळग्याच्या काठावरून एका स्क्रूच्या भोकापर्यंत वर आणा, म्हणजे पिकगार्डमागच्या फॉइलला ती टेकेल. खळग्यातून एक वायर पॉटच्या पाठीला जोडली की झालं.

हे केल्यावर गिटार मुकी झाल्याची तक्रार हमखास येते. बिघाड कुठे आहे ते बघण्यासारखं आहे. प्लग आत सारला की जॅकची आतली वाकडी पट्टी बाहेरच्या बाजूला सरकते आणि नेमकी तांब्याला टेकते. प्लग काढून मोजलं तर सगळं ठीक, प्लग घातला की शॉर्ट! जॅकच्या खळग्यात आणि पाच जागांच्या स्विचच्या बाजूला तांब्यावर इन्सुलेशन टेपचा एक थर द्या.

प्रश्न : गिटार ऑडिओ इंटरफेसमधून लॅपटॉपला जोडतो. चार्जर लावला की हम येतो आणि तारांना हात लावल्यावर मुंग्या येतात. गिटारमध्ये काही बदल करावा लागेल का? (हिंजवडी) माइकला ओठ लागला की झटका बसतो. गिटारची अर्थ वायर काढली तर चालेल का? (सदाशिव पेठ)

दोन्ही प्रश्नांत गिटार निर्दोष आहे, पण दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत.

दोन पिनांच्या चार्जरमध्ये मेन्स आणि आउटपुट यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो. त्यातून अत्यंत कमी करंट गळतो आणि तो इंटरफेसमार्गे तारांपर्यंत येतो. मीटरवर ८०-१०० व्होल्ट दिसून छाती दडपते, पण जरासा भार पडला की तो आकडा कोसळतो. चार्जर काढून बॅटरीवर वाजवा, हम गेला तर निदान पक्कं. तीन पिनांचा, अर्थ असलेला चार्जर वापरा आणि तो खऱ्या अर्थिंगच्या सॉकेटमध्येच लावा.

माइकचा झटका मात्र गंभीर आहे. अँप आणि माइकचा मिक्सर यांपैकी एकाला अर्थ नाही, किंवा एकात फेज बॉडीला लागला आहे. जुन्या वाड्यांत तीन भोकांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. ओठ लावण्याआधी मीटर ए.सी.च्या ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवून एक प्रोब तारेवर आणि दुसरा माइकच्या जाळीवर धरा. दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त काही दिसलं तर वाजवू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. तालमीच्या खोलीत ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. हम जातो म्हणून प्लगची अर्थची पिन मोडणारे महाभाग अजून आहेत. तसं कधीही करू नका, आणि गिटारची अर्थ वायर काढून माइकच्या बाजूचा दोष जात नाही.

प्रश्न : ५०० के चे पॉट आणले, पण भोकात बसेनात. नॉबही बसत नाहीत. शिवाय व्हॉल्यूम दहावरून तीनपर्यंत काहीच बदलत नाही, मग एकदम गायब होतो. (पिंपळे सौदागर)

तुम्ही तीन वेगवेगळ्या मापांत अडकला आहात.

भोक : आशियाई गिटारमधल्या छोट्या पॉटची गळपट्टी (भोकातून वर येणारी आट्यांची नळी) ७ मिलिमीटरची, आणि भोक साधारण ८ चं असतं. अमेरिकन मापाच्या मोठ्या पॉटला ३/८ इंच, म्हणजे ९.५ मिलिमीटर लागतं. साधं ड्रिल वापरलं तर रंगाचा टवका उडतो. भोकावर मास्किंग टेप लावा आणि निमुळत्या रीमरने हाताने थोडं थोडं मोठं करा. खळगा मोठ्या पॉटच्या २४ मिलिमीटर व्यासाला पुरतो का, हे त्याआधी मोजा. लाकडाचा माथा जाड असेल तर लांब गळपट्टीचा पॉट लागतो, नाहीतर नट पकडायला आटेच उरत नाहीत.

नॉब : मिलिमीटर मापाच्या दांड्यावर १८ दाते असतात, अमेरिकन दांड्यावर २४. जुना नॉब ठोकून बसवला तर दांड्याच्या चिरलेल्या दोन पाकळ्या दबतात आणि नॉब वाकडा फिरतो. नवे नॉब घ्या किंवा बाजूने स्क्रू कसायचे नॉब वापरा, ते गुळगुळीत दांड्यावरही बसतात.

तिसरी भानगड अक्षराची. तुम्हाला बी ५०० के मिळाला आहे. बी म्हणजे सरळ रेषेत बदलणारा, ए म्हणजे कानाच्या हिशेबाने बदलणारा. बी पॉट अर्ध्यावर आणला तर आवाज जेमतेम ६ डेसिबलने उतरतो, मग उरलेली सगळी उतरण शेवटच्या दोन-तीन आकड्यांत कोंबली जाते. ए पॉट अर्ध्यावर साधारण १६ डेसिबलने उतरवतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानात ‘पाचशे के’ एवढंच सांगून थांबू नका, ‘ए पाचशे के’ मागा आणि काउंटरवरच मोजा : दांडा मध्यावर आणून मधला पाय आणि एक टोक मोजा, मग मधला आणि दुसरं टोक. दोन्हीकडे २५० च्या आसपास आलं तर बी. एकीकडे ५० ते ७५ आणि दुसरीकडे चारशेच्या पुढे आलं तर ए. एकूण किंमत ४०० ते ६०० मध्ये कुठेही आली तरी पॉट वाईट नाही, ±२० टक्के फरक त्यात गृहीतच असतो. चारपाच मोजून त्यातला ५२० चा निवडला तर तुमचा फायदा.

याच्याच उलटा प्रश्न औंधहून आला आहे : सिंगल कॉइलच्या गिटारला चुकून ५०० के लागले, आवाज कानात टोचतो, आता पुन्हा सगळं उघडायचं का? व्हॉल्यूम पॉटच्या दोन टोकांच्या पायांवर ४७० के चा पाव वॅटचा रेझिस्टर आडवा सोल्डर करा. ५०० आणि ४७० समांतर झाले की २४२ के होतात. खर्च नगण्य.

प्रश्न : पॉटच्या पाठीवर सोल्डर चिकटत नाही. तीनदा केलं, तीनदा निघालं. पॉटही खराब झाला असं वाटतं. (सिंहगड रस्ता)

सोल्डर पॉटच्या पाठीवर अळवावरच्या थेंबासारखा गोल, काठ वर उचललेला बसला असेल तर तो चिकटलेलाच नाही. नीट बसलेला सोल्डर घावनासारखा पसरतो : मध्ये थोडा जाड, कडेला पातळ होत धातूत मिसळलेला, आणि चमकदार. मळकट, दाणेदार दिसला तर तो गार होताना वायर हलली, तो ‘ड्राय’ सांधा आहे.

पाठीवरचा लेप २०० नंबरच्या पॉलिश पेपरने एक रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत खरवडून काढा. फ्लक्सचं बोट फिरवा. आयर्न ५०-६० वॅटचं, टोक बोथट आणि छिन्नीसारखं रुंद घ्या. सुईसारख्या टोकाच्या २५ वॅटच्या आयर्नने तापवत बसलात, तर पाठ तापायला अर्धं मिनिट लागतं आणि तेवढ्यात आतला कार्बनचा पट्टा भाजतो. तुमचा पॉट असाच गेला. तापमान बदलता येत असेल तर ३५० ते ३७० अंश सेल्सिअस ठेवा. सोल्डर वायर ६०/४० ची, रोझिन भरलेली, ०.८ मिलिमीटरची. आयर्नच्या टोकाला आधी थोडा सोल्डर लावून ते ओलं करा, पाठीवर आडवं टेकवा, दोन सेकंदांनी सोल्डर आयर्नला नव्हे तर धातूला लावा. पसरला की आयर्न उचला. एकूण चार-पाच सेकंद. मग आधीच सोल्डर चढवलेली वायर त्या डबक्यात ठेवून एकदाच तापवा आणि चिमट्याने स्थिर धरा, फुंकर मारू नका. नाही जमलं तर लगेच पुन्हा आयर्न टेकवू नका. पॉट हाताला गार लागेपर्यंत थांबा.

पायांसाठी मात्र २५ वॅट पुरे. खिडकी उघडी ठेवा, खाली जुनं वर्तमानपत्र नको, लाकडी फळी घ्या. गिटारचा माथा फडक्याने झाका; उडालेला सोल्डरचा कण पॉलिशवर कायमचा डाग ठेवतो.

प्रश्न : टोनचा कपॅसिटर ६३० व्होल्टचा लावल्याने आवाज सुधारतो का? (चिंचवड)

नाही. पिकअपचा सिग्नल एखाद-दुसऱ्या व्होल्टच्या आतबाहेर असतो, ५० व्होल्टचाही डोक्यावरून पाणी आहे. फरक पडतो तो त्याच्या मायक्रोफॅरडमधल्या किंमतीने, रुपयांतल्या नव्हे. २२३ लिहिलं असेल तर २२ वर तीन शून्य, म्हणजे २२,००० पिकोफॅरड किंवा ०.०२२ मायक्रोफॅरड. ४७३ म्हणजे ०.०४७, १०४ म्हणजे ०.१. हंबकरला सहसा ०.०२२, सिंगल कॉइलला ०.०२२ ते ०.०४७. किंमत जितकी मोठी तितका टोन खाली आणल्यावर आवाज जास्त बोदा होतो. टोन १० वर असताना हा फरक जवळजवळ ऐकू येत नाही. दोन लांब वायरी खळग्याबाहेर काढा, त्यांना मगरचिमटे लावून वेगवेगळे कपॅसिटर अडकवून ऐका, आवडेल तो आत सोल्डर करा. सिरॅमिकपेक्षा पॉलिएस्टर फिल्मचा घ्या, त्याची किंमत लेबलच्या जास्त जवळ असते. यापलीकडे या विषयात जे बोललं जातं ते बहुतेक खिशाला कात्री लावण्यासाठी असतं.

प्रश्न : व्हॉल्यूम सहा-सातवर आणला की आवाज कमी होण्याबरोबर मंदही होतो. फिरोदिया करंडक स्पर्धेच्या तालमीत संवादांच्या मागे हळू वाजवावं लागतं, तेव्हा फार जाणवतं. (डेक्कन)

पॉटमधला रोध आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक फिल्टर तयार होतो. केबल मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा, ६ मीटरची केबल म्हणजे ६००. ५०० के चा पॉट विद्युतदृष्ट्या मध्यावर असताना त्याचा रोध १२५ के दिसतो आणि या जोडीचा छेद (ज्याच्या वरचे सूर गळू लागतात ती मर्यादा) २.१ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. गिटारची चमक नेमकी त्याच्या वर असते. म्हणून आधी केबल आखूड करा. ३ मीटर पुरत असेल तर ६ ची कशाला?

तेवढ्याने भागलं नाही तर व्हॉल्यूम पॉटच्या इनपुटच्या आणि मधल्या पायामध्ये ६८० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० के चा रेझिस्टर एकमेकांना समांतर जोडा. नुसता कपॅसिटर लावू नका, व्हॉल्यूम तीनवर आला की आवाज पत्र्यासारखा चिरका होतो. रेझिस्टरने पॉटची चाल थोडी बदलते, व्हॉल्यूम जरा हळू उतरू लागेल, ते सवयीने जमतं.

दुसरा मार्ग बिनपैशाचा : टोन पॉटकडे जाणारी वायर व्हॉल्यूमच्या इनपुटच्या पायावरून काढून मधल्या पायावर लावा. धार बऱ्यापैकी टिकते, पण टोन फिरवला की व्हॉल्यूमही किंचित हलतो. स्टेजवर टोनला फारसा हात न लावणाऱ्यांनी हाच करावा.

प्रश्न : नव्या हंबकरला पाच वायरी आहेत, जुन्याला दोनच होत्या. कोणती कुठे? कॉइल स्प्लिटही (दोनपैकी एकच कॉइल वाजवणं) करायचं आहे. (खराडी)

रंगांवरून अंदाज बांधू नका, कंपनीगणिक अर्थ बदलतो. सेमोर डंकनच्या पिकअपमध्ये काळी वायर सिग्नलची, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून इन्सुलेट करायच्या, हिरवी आणि उघडी अर्थला. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, काळी आणि पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी अर्थला. एका कंपनीचा नकाशा दुसऱ्याच्या पिकअपवर चालवला की आवाज किडकिडीत होतो किंवा नाहीसाच होतो.

खोक्यावर नकाशा नसेल तर मीटर लावा. चार रंगीत वायरींतून ज्या दोन वायरींमध्ये ३.५ ते ४.५ किलोओहम येतं, ती एक कॉइल. उरलेल्या दोन म्हणजे दुसरी. मग मीटर डी.सी. २०० मिलिव्होल्टवर ठेवून एका कॉइलच्या वायरी जोडा आणि त्या कॉइलच्या पोलवर लोखंडी स्क्रूड्रायव्हर पटकन टेकवा. टेकवताना आकडा अधिककडे उडाला तर लाल प्रोबची वायर ‘अधिक’ म्हणून टेपने खूण करा, उणेकडे गेला तर दुसरी. तसंच दुसऱ्या कॉइलचं. एकीची ‘उणे’ दुसरीच्या ‘अधिक’ला जोडा. राहिलेली अधिक सिग्नलला, राहिलेली उणे अर्थला. आकडा चटकन उडून परत येतो, म्हणून दोनतीनदा करून खात्री करा.

स्प्लिटसाठी ती मधली जोडी पुश-पुल पॉटच्या स्विचच्या मधल्या पायावर न्या आणि वर ओढल्यावर जो पाय त्याला जुळतो, तो अर्थ करा. नॉब वर, की एक कॉइल बाद. पुश-पुल खोल असतो. पातळ बॉडीच्या गिटारमध्ये झाकण लागत नाही, आधी खोली मोजा. आणि अपेक्षा माफक ठेवा : एका कॉइलवर आवाज उतरतो, हमही परत येतो. जोडी थेट अर्थ न करता २.२ के च्या रेझिस्टरमधून केली तर दुसऱ्या कॉइलचा थोडा हिस्सा शिल्लक राहतो आणि आवाज तितका पडत नाही.

प्रश्न : अ‍ॅक्टिव्ह पिकअप काढून साधे बसवले. सोल्डरिंग चोख आहे, तरी आवाज चिखलात बुडाल्यासारखा. (भोसरी)

पॉट २५ के चे राहिले आहेत. अ‍ॅक्टिव्ह पिकअपच्या आतच अँप असतो, त्याला २५ के चालतो. साध्या हंबकरला तोच भार गळा दाबल्यासारखा होतो. सगळे पॉट ए ५०० के करा. आणखी एक गोष्ट तपासा : अनेक अ‍ॅक्टिव्ह संचांना ब्रिजची अर्थ वायर लागत नाही, त्यामुळे ती काढून टाकलेली असते किंवा कधी नसतेच. साध्या पिकअपला ती हवी. जॅक स्टिरिओ असेल तर राहू द्या, फक्त त्याच्या मधल्या कड्याला काही जोडू नका. तिथे पूर्वी बॅटरीची उणे वायर होती.

प्रश्न : दर पावसाळ्यात नॉब फिरवला की खरखर. गंज काढायचा स्प्रे मारला, आठवडाभर बरं वाटलं, मग आधीपेक्षा वाईट. (धनकवडी)

त्या स्प्रेने तेलाचा थर मागे ठेवला आणि धूळ त्यावर बसली. ‘काँटॅक्ट क्लीनर’ असं लिहिलेलाच घ्या, मागे थोडं वंगण ठेवणारा असेल तर उत्तम. नळी पॉटच्या पायांजवळच्या फटीत घालून अर्धा सेकंद फवारा आणि दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत तीसेक वेळा फिरवा. पाच मिनिटांनी पुन्हा एकदा. सिलेक्टरलाही तसंच. रंगावर थेंब उडाला तर लगेच पुसा.

दोनदा करूनही फिरवताना एकाच ठिकाणी आवाज तुटत असेल, तर तिथला कार्बन झिजला आहे, पॉट बदला. आणि गिटारमध्ये बॅटरीचा प्रीअँप (आतला छोटा अँप) असेल तर पॉटच्या टोकांवर डी.सी. मिलिव्होल्ट मोजा. काही मिलिव्होल्टच्या वर दिसलं तर खरखर पॉटची नाही, प्रीअँपच्या आउटपुटचा कपॅसिटर गळतो आहे. तिथे क्लीनरचा अख्खा डबा ओतलात तरी उपयोग नाही, तो १० मायक्रोफॅरडचा किंवा जो असेल त्याच किंमतीचा कपॅसिटर बदला, आणि त्याची अधिक-उणे बाजू जुन्याप्रमाणेच ठेवा.